जनरल ट्रेमेनची पिछाडी

विश्वास ठेवा, नका ठेवू. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

हे माझ्या मामाच्या बाबतीत घडलं. आईचा सख्खा थोरला भाऊ, कॅप्टन ऑस्विन रॅकम. साल अठराशे पंच्याऐंशी. जागा सुदानची. तांबड्या समुद्राकाठचं सुआकिन बंदर आणि तिथून आत डोंगरांकडे जाणारी वाट.

एक आधीच सांगून ठेवतो. ही रात्रीची गोष्ट नाही. जे झालं ते उजेडात झालं. काही भर दुपारी, काही दिवेलागणीला.

म्हणूनच ती जास्त छळते.

मामाने ती जन्मात एकदाच सांगितली. माझ्या आईला, इंग्लंडातल्या बाथ गावच्या आमच्या घरी, चहाच्या वेळी. सांगताना त्याने आईला खिडकीकडे तोंड करून बसायला लावलं होतं. "बाहेर कोणी दिसलं तर मला सांगू नकोस," एवढंच तो आधी म्हणाला.

मामा तेव्हा जनरल सर बेव्हिल ट्रेमेन यांचा एडीसी, म्हणजे खास मदतनीस अधिकारी होता.

त्या काळी हे नाव माहीत नाही असं पोर आमच्याकडे सापडलं नसतं. दुकानांच्या काचेत राणीच्या तसबिरीशेजारी त्यांची तसबीर. बिस्किटांच्या डब्यावर त्यांचा चेहरा. क्रायमियाच्या लढाईला गेले तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. तिथून चीन. मग ॲबिसिनिया. मग पश्चिम आफ्रिकेची जंगलं, जिथं गोळीच्या आधी ताप माणसाला गाठतो. प्रत्येक मोहिमेतून ते एक पायरी वर चढून परतले. हार म्हणजे काय, हे त्यांना माहीतच नव्हतं. सुदानची मोहीम फत्ते झाली की उमरावपद मिळणार, हे छावणीतल्या खेचरवाल्यांनाही ठाऊक होतं.

दिसायला मात्र अगदी बुटके. आवाज मऊ. गोळ्या सुटत असताना शांतपणे घड्याळाला किल्ली द्यायचे. मामाची निवड झाली तेव्हा आमच्या आजीने शेजारपाजाऱ्यांना बोलावून शेरी पाजली होती.

तर सुआकिनहून फौज निघाली. तिथल्या बंडखोर टोळ्यांकडून बीर अतोब नावाच्या विहिरी ताब्यात घ्यायच्या होत्या. मधोमध उंट आणि पाण्याच्या पखाली, चारही बाजूंनी शिपाई. ऊन असं, की बंदुकीच्या नळीला हात लावला तर कातडी सुटून यावी.

पहिली खूण त्याच दुपारी आली.

फौज थांबली होती. वारा पडला. उंटांचं रवंथ करणंही बंद झालं. कुठं म्हणून आवाज नाही...

पिछाडीला लेफ्टनंट डिग्बी पेर्न होता. गोबऱ्या गालांचा, बेसूर गाणारा, मामाचा जिवलग दोस्त. तो घोडा हाकत पुढे आला.

"काय रे चमच्या, बरं चाललंय ना?" तो मामाला म्हणाला. "जनरलच्या चहात साखर किती, एवढं पाठ झालं की माणूस मेजर होतो म्हणतात."

"तुला हेवा वाटतोय. काम बोल."

"आपल्यामागून अजून एक तुकडी निघायची होती का रे?"

"नाही. आपणच शेवटचे."

"मग ही धूळ कुणाची? तुझ्या मावशीची?"

मामाने दुर्बीण लावली.

धूळ होती. लांबवर, फौजेच्याच वाटेवर. वावटळीची नव्हे. कवायतीत चालणाऱ्या पावलांची, सारख्या अंतराने उठणारी धूळ. तिच्यात माणसं दिसत होती. रांगेत. पण त्यांच्या अंगावर काहीतरी विचित्र होतं...

कोट. पायघोळ, जाड, बर्फात घालायचे कोट.

त्या उन्हात.

"उन्हाने डोळ्यांना फसवलं असेल," मामा म्हणाला.

"माझ्याही? आणि माझ्या सगळ्या तुकडीच्याही?" पेर्नचा थट्टेचा सूर गेला होता. "आणि एक सांगू? आपण थांबलो की ते थांबतात."

दोन घोडेस्वार मागे पाठवले. ते परत आले तेव्हा घोड्यांच्या तोंडाला फेस होता.

"काही नाही साहेब. कुणी नाही. वाळूत आपलेच ठसे आहेत. दुसरे नाहीत."

ते हे सांगत होते, आणि त्यांच्या पाठीमागे धूळ तशीच उभी होती.

मामा जनरलकडे गेला. मागे एक तुकडी दिसते आहे, ओळख पटत नाही, एवढंच सांगितलं. कोटांचं तो बोलला नाही. वेड्यात निघायची भीती.

जनरल नकाशावर वाकले होते. त्यांनी मान वर केली नाही. मागे वळून तर मुळीच पाहिलं नाही.

"लांब कोट घातलेत का त्यांनी?" त्यांनी विचारलं.



"...हो सर."

"बरं. फौज हलवा."

संध्याकाळच्या सुमारास एक लहानशी विहीर लागली. तिथं मुक्काम ठरला. शिपाई पाणी प्यायला लागले. मामा कडेला उभा होता. फौजेचा वाटाड्या ओशेक त्याच्याजवळ आला. तिथल्याच डोंगरातला माणूस. कमी बोलायचा.

"कप्तान, तुमची ती मागची माणसं पाणी प्यायला येत नाहीत का?"

"कुठली माणसं?"

ओशेकने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं आपण तोंडावर खोटं बोलणाऱ्याकडे बघतो.

"खूप तहानलेली आहेत," तो म्हणाला. "बोलवा त्यांना. माणसाला असं ठेवू नये."

तासाभराने त्याला हाक मारली तर तो नव्हता. त्याचा उंट होता, खोगीर होतं, पाण्याची पिशवी होती. त्या मुलखात माणूस एकवेळ आपला हात मागे टाकेल, उंट टाकणार नाही.

ओशेक उंट टाकून पायी पळाला होता.

सूर्य टेकला. मुक्कामाभोवती काटेरी झुडपांचं कुंपण घातलेलं. कुंपणाला सहा चौक्या. अंधार पडायला लागला की पहारेकरी ओळीने हाक देत. एकाने दिली की पुढच्याने. म्हणजे सगळे जागेवर आहेत, हे कळतं.

मामा जनरलच्या तंबूत जेवायला बसला होता. डब्यातलं मांस, दगडासारखी बिस्किटं, कोमट वाइन. वाढायला टॉबिन. हा डेक्लन टॉबिन, आयरिश. जनरलच्या चाकरीत त्याचे केस पांढरे झालेले. जिभेला हाड नाही. जनरलना तोंडावर बोलू शकणारा साऱ्या फौजेत तो एकटाच.

"सर, सुदानात दोनच गोष्टी मुबलक," तो वाढता वाढता म्हणाला, "माश्या आणि उपदेश. मांसावर आज दोन्ही बसल्यात. सांभाळून खा."

जनरल किंचित हसले. बाहेर हाका सुरू झाल्या.

"एक नंबर... सगळं ठीऽऽक!"

"दोन नंबर... सगळं ठीऽऽक!"

तीन. चार. पाच. सहा.

मामाने घास उचलला.

आणि मग...

"सात नंबर... सगळं ठीऽऽक."

आवाज लांबून आला. कुंपणाच्या बाहेरून. थकलेला, घोगरा. जणू बोलणाऱ्याची जीभ टाळूला चिकटली होती.

टॉबिनच्या हातातली बाटली तशीच तिरकी राहिली. वाइन मेजावर सांडत होती. ती थांबवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"पडदा लाव," जनरल म्हणाले.

मामा उठून बाहेर धावला. पहाऱ्याचा सार्जंट शिव्या घालत फिरत होता.

"कुणाची मस्करी आहे ही? सापडू दे, चामडी लोळवतो!" मग मामाला पाहून त्याने आवाज खाली आणला. "साहेब, सात नंबरची चौकीच नाही आपल्याला."

टॉबिन मामाच्या मागोमाग बाहेर आला होता.

"कप्तान साहेब, मोजू नका. माझं ऐका. पश्चिम आफ्रिकेच्या जंगलात पाच चौक्या होत्या, तेव्हा सहावी बोलायची. आम्ही मोजणं सोडून दिलं."

"कोण आहेत ते?"

"मला काय विचारता? हाक ज्यांना आहे त्यांना विचारा. आपल्याला ती नुसती ऐकू येते."

मामा तंबूत परतला. काय विचारावं, कसं विचारावं, कळेना. जनरलनीच सुरुवात केली. शाळेतला धडा म्हणून दाखवावा तसं, सरळ सुरात.

"क्रायमियात एक घळ होती. बर्फ पडत होतं. पलटण मागे घ्यायची तर कुणीतरी घळ अडवून धरायला हवी होती. मी एक तुकडी तिथं ठेवली. म्हटलं, थांबा, सूर्यास्ताच्या आत तुमच्या बदलीला माणसं पाठवतो. पलटण वाचली. मला पदक मिळालं."

"आणि ती तुकडी?"

"पहारेकऱ्याने बदली आल्याशिवाय जागा सोडायची नसते. त्यांनी सोडली नाही."

"पाठवायला माणसं नव्हती का सर?"

जनरलनी घड्याळ काढलं. किल्ली द्यायला लागले.

"होती. पण ती दुसरीकडे जास्त उपयोगी होती. हिशेब बरोबर निघाला, रॅकम. प्रत्येक वेळी बरोबर निघाला. चीनमध्ये पूल होता. जंगलात नदीचा उतार होता. थोडी माणसं ठेवायची, बाकीची वाचवायची. लोक त्याला माझी युद्धकला म्हणतात."

"आणि दर वेळी तुम्ही त्यांना सांगितलंत की..."

"सांगावं लागतं. नाहीतर माणसं थांबत नाहीत."

बाहेर पुन्हा हाका सुरू झाल्या. मामाने ठरवून मोजलं नाही. तरी शेवटची हाक आलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौज बीर अतोबला पोचली.

विहिरी होत्या. पाणी नव्हतं. शत्रूने त्या दगडांनी बुजवल्या होत्या. आणि शत्रू चहूकडच्या टेकड्यांवर बसला होता. ती त्यांची जमीन. त्यांना घाई नव्हती. दुपारपर्यंत जखमींनी उंटांच्या पाठी भरल्या. पाणी तळाला गेलं. माघार घेण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

माघारीच्या वाटेवर एक खिंड होती. दोन्ही बाजूंना काळे कडे, मधून गाडीवाटेएवढी जागा. ती कुणी धरून ठेवली तर जखमी कालच्या मुक्कामाच्या कुंपणापर्यंत पोचणार होते. धरली नाही तर कुणीच नाही.

मामाला पुढे काय होणार ते कळलं. 

जनरलनी पेर्नला बोलावलं.

"पेर्न, तुझी तुकडी इथं थांबेल."

"जी सर." पेर्नचे गोबरे गाल धुळीने पांढरे झाले होते. "कधीपर्यंत सर?"

जनरलनी तोंड उघडलं. शब्द सवयीने बाहेर आले.

"सूर्यास्ताच्या आत तुमच्या बदलीला माणसं पाठवतो."

बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा एकदम उतरला. मामाने तो पाहिला.  पण जनरलनी शब्द परत घेतला नाही.

मामा पेर्नजवळ गेला. "डिग्बी, मी थांबतो तुझ्याबरोबर."

"वा! आणि जनरलच्या चहात साखर कोण घालणार?" पेर्न हसला. "जा रे. संध्याकाळी भेटू. वाइन राहिली असेल तर माझ्यासाठी ठेव. त्या टॉबिनला हात लावू देऊ नकोस."

फौज निघाली. मागे गोळीबार ऐकू येत होता. बराच वेळ आला. मग तुटक झाला.

मग थांबला.

फौज कुंपणात पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जखमी वाचले. जनरल जिंकले नव्हते, पण हरलेही नव्हते. वर्तमानपत्रांना एवढं पुरे होतं.

"सर, पेर्नच्या बदलीला कोण जाणार?" मामाने विचारलं.

"माणसं थकलीत. सकाळी बघू."

"तुम्ही शब्द दिलाय सर."

जनरल तंबूकडे वळले.

"सर, काल तुम्ही जे मला सांगितलंत..."

"मी काय सांगितलं ते मला आठवतं, कॅप्टन!"

जनरल ओरडले. आजूबाजूचे शिपाई वळून बघायला लागले. त्यांना कुणी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. मग जनरल पश्चिमेकडे बघत उभे राहिले. सूर्य डोंगरापासून हातभर वर होता.

"घोडा आण," ते म्हणाले. "मी स्वतः जातो. एकदा तरी जाऊन बघतो."

ते ऐकून मामाला रडू यायचंच बाकी होतं. त्याला वाटलं, सुटलो. सगळेच सुटलो.

जनरल, मामा, टॉबिन आणि थोडे घोडेस्वार निघाले. वाटेत शत्रूचा एक माणूस दिसला नाही. टेकड्या मोकळ्या होत्या. पक्षीसुद्धा नाही...

खिंडीच्या तोंडाशी घोडे अडले. टाचा मारा, चाबूक ओढा, एक पाऊल पुढे टाकेनात. अंगातून घामाच्या धारा. घोडेस्वार बाहेर थांबले. आत तिघं पायी गेले.

खिंड रिकामी होती.

प्रेतं नव्हती. रक्त नव्हतं. कड्याला टेकवून बंदुका ओळीने उभ्या केलेल्या. कवायतीनंतर ठेवतात तशा. त्यांच्यासमोर पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या. मामाने एक उचलली.

भरलेली होती.

दिवसभर त्या उन्हात लढलेल्या माणसांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता.

"साहेब, इकडे या," टॉबिन हळूच म्हणाला.

वाळूत बुटांचे ठसे होते. पेर्नच्या तुकडीचे. ते खिंडीतून पलीकडे, रिकाम्या वाळवंटात गेले होते. पळालेल्या माणसांचे ठसे नव्हते ते. चालीत चालणाऱ्यांचे होते. पण रांगा मोडक्या वाटत होत्या. दोन माणसांच्या मध्ये दर वेळी एका माणसाची जागा सोडलेली...

त्या मोकळ्या जागेत ठसे नव्हते.

"त्यांना नेलं," टॉबिन म्हणाला. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली.

सूर्य डोंगराआड गेला. खिंडीत सावली भरली.

आणि वरून, कड्यावरून हाक आली.

"एक नंबर... सगळं ठीक."

दुसऱ्या कड्यावरून दुसरी.

मग मागून. मग बाजूने. अगदी जवळून. एकामागून एक हाका येतच राहिल्या. थकलेले, घोगरे आवाज. शेवटचा आवाज मामाने ओळखला. बेसूर, म्हणूनच ओळखीचा.

"डिग्बी!" मामा ओरडला. "डिग्बी, खाली ये!"



जनरल दोन पावलं पुढे झाले. टोपी सरळ केली. एवढासा तो माणूस, त्या कड्यांखाली आणखीच लहान दिसत होता.

"मी ट्रेमेन," ते म्हणाले. "उशीर झाला. पण मी आलोय. तुमचा पहारा संपला. जागा सोडा."





मग एक आवाज आला. रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं, असं मामा म्हणाला. शिपाई साहेबाला अदबीने विचारतो, तसा होता तो.

"आमच्या जागी कोण, सर?"

जनरलनी पुन्हा एकदा टोपी सरळ केली.

"बदलीला कुणाला आणलंय, सर?"

मामाने जनरलकडे पाहिलं. त्यांनी फक्त एक शब्द म्हणायचा होता. मी. एवढाच शब्द. साऱ्या आयुष्यात पहिल्यांदा हिशेब त्यांच्यापाशी येऊन थांबला होता. त्यांचे ओठ हलले. मामाला वाटलं, म्हणणार. आता म्हणणार...

जनरल वळले.

"रॅकम," ते मऊ आवाजात म्हणाले, "तू इथं थांब. मी सूर्यास्ताच्या आत..."

"नाही, सर."

मामाने वरिष्ठाला नाही म्हटलं ते जन्मात तेवढं एकदाच. तो आईला म्हणाला, ते शौर्य नव्हतं. भीतीने तोंडातून निघून गेलं.

जनरल त्याच्याकडे बघत राहिले. डोळ्यांत राग नव्हता, लाज नव्हती. ते पुढची सोंगटी शोधत होते.

"टॉबिन."

"जी सर." टॉबिनने पाठ ताठ केली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण जीभ शाबूत होती. "इतकी वर्षं वाटत होतं, माझा नंबर लागला कसा नाही. दाढीचं पाणी दुसरं कोण वेळेवर गरम करणार, म्हणून असेल. किती वाजेपर्यंत थांबायचं सर?"

"सूर्यास्ताच्या आत माणसं पाठवतो."

टॉबिनने पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य केव्हाच बुडाला होता.

"अर्थातच, सर," तो म्हणाला. आणि सलाम ठोकला.

मामा टॉबिनचा दंड धरून ओढायला लागला. "चल, वेडा झालास का! चल इथून!"

टॉबिन हलला नाही. त्याने मामाचा हात हळूच सोडवला.

"जा साहेब. कुणी नाही थांबलं तर ते सगळेच आपल्याबरोबर येतील. छावणीपर्यंत. घरापर्यंत. तुम्ही तरुण आहात. जा."

जनरल चालू लागले होते. मामा गेला. मागे बघत, अडखळत, पण गेला.

घोड्यावर बसताना खिंडीतून हाक आली. या वेळी एकच. आयरिश आवाजातली.

"सगळं ठीऽऽक."

उजाडताच मामा एक पलटण घेऊन परत गेला. परवानगी मागितली नाही. खिंडीत बंदुका होत्या, बाटल्या होत्या. टॉबिन नव्हता. त्याच्या एकट्याचे ठसेही कुठं गेलेले नव्हते. जिथं उभा होता तिथंच ते होते. दोन पावलं, शेजारी शेजारी.

ती तुकडी शत्रूने कापून काढली, असं सरकारदरबारी नोंदलं गेलं.

जनरल ट्रेमेनना उमरावपद मिळालं. डेव्हन परगण्यात मोठी हवेली मिळाली. लोकांनी त्यांच्या गावच्या चौकात पुतळा उभारला. पुढे कितीतरी वर्षं ते सुखात जगले. नातवंडांना मांडीवर घेऊन लढायांच्या गोष्टी सांगत. झोपेत गेले, शांतपणे. अंत्ययात्रेला राजवाड्यातून फुलं आली. त्यांना पुन्हा कधी काही ऐकू आलं, असं कुणी सांगत नाही. माझ्या आईला याचीच सगळ्यात जास्त चीड होती. काहीतरी व्हायला हवं होतं, असं तिला वाटायचं.

झालं काहीच नाही.

मामाने मात्र फौज सोडली. त्याचं लग्न झालं नाही. हातून काही धड झालं नाही. संध्याकाळ झाली की तो घरातल्या सगळ्यांना एका खोलीत बसवायचा आणि मोठमोठ्याने बोलत राहायचा. काहीही बोलायचा. हवा, घोडे, राजकारण. मधे गप्प बसणं त्याला झेपत नसे.

सुदानहून परतल्यावर एकदा तो आयर्लंडला गेला होता. टॉबिनची एक बहीण होती, होनोरा. कॉर्कच्या पुढे एका खेड्यात एकटी राहायची. भावाबद्दल तिला कुणी काही कळवलं असेल नसेल, म्हणून मामा स्वतः गेला. काय सांगायचं ते त्याने वाटेत दहा वेळा घोकलं होतं. शूर होता. ताठ उभा राहिला. वेदना झाल्या नाहीत.

म्हातारीने त्याला चुलीजवळ बसवलं. पाव कापला. मामा घोकलेलं बोलायला लागला, तेवढ्यात तिने हात वर केला.

"तो आला होता ना," ती म्हणाली.

"कोण?"

"आमचा डेक्लन. गेल्या लेंटच्या उपवासांच्या दिवसांत. दिवसाढवळ्या, त्या फाटकापाशी उभा. ओठ फुटलेले, काळेठिक्कर. मी म्हटलं, अरे बाहेर काय उभा आहेस परक्यासारखा, आत ये, आधी पाणी पी. तर म्हणाला, 'येतो गं, पण पहाऱ्यावर आहे. बदली आली की येतो.'"

 मामाने हातातला पाव खाली ठेवला.

"रोज येतो आता," म्हातारी म्हणाली. "मी पेला भरून फाटकावर ठेवते. तो बघत राहतो. घेत नाही." तिने मामाकडे निरखून पाहिलं. "साहेब, तुम्ही फौजेतली मोठी माणसं. तुम्हाला ठाऊक असणार. त्याची बदली कधी येणार?"

 मामा टोपी घेऊन उठला. घराला मागचं दार होतं. तो मागच्या दाराने बाहेर पडला आणि शेतांतून चिखल तुडवत गेला. फाटकाकडे त्याने पाहिलं नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आईही गेली. ती म्हातारी तर केव्हाच गेली असेल. कामानिमित्त मी कॉर्कला दोनदा जाऊन आलो. ते खेडं तिथून फार लांब नाही. लोक सांगतात, घर पडलंय, फाटक अजून उभं आहे.

मी गेलो नाही.

भुताची भीती वाटते म्हणून नाही. पण समजा तिथं कुणी उभं असेल, आणि त्याने मला अदबीने विचारलं, "तुम्ही माझ्या बदलीला आलात का, साहेब?"

तर मीही 'नाही' म्हणून मागे फिरेन, ते मला माहीत आहे.